गर्भपिशवीचा कॅन्सर, पहिली स्टेज: आजूबाजूच्या सगळ्या गाठी काढायच्या की दोनचारच?

सायली_कृष्णाकाठ

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. आईबद्दल विचारायचंय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

आई ६२ वर्षांची, सांगलीकडे गावी असते, मी पुण्यात. पाळी जाऊन अकरा वर्षं झाली तिची. संक्रांतीच्या सुमारास अंगावरून थोडं थोडं लाल जायला लागलं पण तिने कुणालाच सांगितलं नाही, उष्णता झाली असेल म्हणून सब्जाचं नि धन्याजिऱ्याचं पाणी पीत बसली. मे महिन्यात मी गेले तेव्हा मोरीत बादलीच्या मागे भिजत घातलेला परकर दिसला, विचारलं तर आधी काही नाही काही नाही, मग रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली, अस्तराची जाडी १५ मिमी आली. बायोप्सी केली, एंडोमेट्रिऑइड म्हणजे पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर, ग्रेड १, म्हणजे हळू वाढणारा. एमआरआयमध्ये गाठ ३ सेमीची आहे, पिशवीच्या स्नायूत निम्म्यापेक्षा कमी खोल गेलीय, आणि "लिम्फ नोड मोठे दिसत नाहीत" असं लिहिलंय. आईला शुगर आहे, बीपी आहे, वजन ८६ किलो.

आता तीन ठिकाणी तीन मतं मिळालीत आणि डोकं बंद पडलंय.

पहिले सर्जन म्हणाले पोट उघडून पिशवी, अंडाशय आणि दोन्ही बाजूच्या सगळ्या लिम्फ नोड काढू, म्हणजे काही शिल्लक राहायला नको. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या दुर्बिणीतून करू, डाय म्हणजे रंग टाकून फक्त सेंटिनल नोड शोधू, त्या दोनचार काढल्या की पुरे. आणि मामेबहिणीचे मिस्टर गायनॅक आहेत ते म्हणतात ग्रेड १ आहे, नुसती पिशवी काढा, गाठींच्या भानगडीत पडूच नका, वजन बघा, शुगर बघा.

सगळ्या काढल्या तर जास्त सेफ ना? दोनचारच काढल्या आणि उरलेल्यांत कॅन्सर असला तर? एमआरआयमध्ये काही नाहीये तर मग काढायच्याच कशाला?

अजून एक. डॉक्टर तिच्यासमोर "बाजूच्या गाठीपण काढू" म्हणाले. आई गाडीत गप्प बसून होती, कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा हळूच म्हणाली, "म्हणजे पोटभर गाठी झाल्यात का गं?" मला काय सांगावं तेच कळेना. तारीख लवकर ठरवायचीय, कुणाला माहिती असेल तर प्लीज लिहा.

भीमथडी

ताई, धीर धरा, पहिल्या स्टेजला सापडलंय हे फार मोठं आहे. माझ्या मिसेसचं चार वर्षांपूर्वी झालं, आता व्यवस्थित आहे. माझं एकच सांगणं, ऑपरेशन गायनॅक ऑन्कोसर्जनकडूनच करून घ्या. आमचे फॅमिली डॉक्टर भले माणूस, पण पिशवी काढणं वेगळं आणि कॅन्सरची पिशवी काढणं वेगळं.

एक शंका मलाही आहे, जाणकारांनी सांगावं. दुर्बिणीने कॅन्सर पसरतो असं आम्हाला एकांनी सांगितलं होतं म्हणून आम्ही ओपन केलं, पुढे टाके पिकले आणि दीड महिना ड्रेसिंग चाललं. ते खरं होतं का?

पाणंद

मी याच क्षेत्रात सर्जन आहे. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, रिपोर्ट हातात नाहीत, तेव्हा हे वाचून निर्णय घेऊ नका, हे वाचून तुमच्या डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा, तेवढ्यासाठी लिहितेय.

आधी आईंच्या प्रश्नाचं, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटला. मराठीत आपली पंचाईत होते, कॅन्सरलाही गाठ म्हणतो आणि लिम्फ नोडलाही गाठच म्हणतो. आईंना असं सांगा, पायाला काटा लागून पू झाला की जांघेत अवधाण यायचं ना, दुखायचं, हाताला लागायचं? ते अवधाण म्हणजे हीच ग्रंथी सुजलेली. त्या सगळ्यांच्या अंगात जन्मापासून असतात, शेतातल्या पाटाला मध्ये मध्ये जाळी लावावी तशा, पाण्याबरोबर आलेला कचरा तिथे अडकतो. पिशवीतून निघणाऱ्या पाटांवरच्या जाळ्या ओटीपोटात आत, मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असतात. त्यांना कॅन्सर झालाय म्हणून काढत नाही, तिथवर एखादा कण पोचलाय का ते बघायला काढतात. हे एकदा नीट सांगितलं की पेशंटची अर्धी भीती जाते, मी रोज बघते.

आता एमआरआयचं. एमआरआय नोडचा आकार बघतो. दीड मिलिमीटरचा कॅन्सरचा ठिपका साध्या न फुगलेल्या नोडमध्ये बसलेला असेल तर एमआरआयला तो दिसत नाही, पेटस्कॅनलाही दिसत नाही. "नोड मोठे दिसत नाहीत" आणि "नोडमध्ये कॅन्सर नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मग सगळ्या काढल्या तर जास्त सेफ का? बरीच वर्षं आम्ही सर्जन लोकही असंच मानत होतो. १९८८ पासून या कॅन्सरची स्टेज ऑपरेशनमध्ये सापडेल त्यावरून ठरवायची असं ठरलं आणि तेव्हापासून जितके जास्त नोड तितकं चांगलं ऑपरेशन अशी समजूत रुजली. पण यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा बायकांचे दोन गट पाडून, एका गटात नोड काढले, दुसऱ्यात नाही. एक इटलीतली, ५१४ बायका, निकाल २००८ ला आला. दुसरी ॲस्टेक, चार देश, १४०८ बायका, २००९ ला आली. दोन्हींत उत्तर तेच, सुरुवातीच्या स्टेजला सगळे नोड काढून बायका जास्त जगल्या असं दिसलं नाही. ॲस्टेकवर टीका पुष्कळ झाली, नोड पुरेसे काढले नाहीत, बऱ्याच बायका मुळात कमी धोक्याच्या होत्या वगैरे, ती टीका रास्त आहे. पण इटलीवाल्यांनी भरपूर नोड काढले होते, तरी फरक पडला नाही. आणि पाय सुजणं, लिम्फचं पाणी साचणं हे मात्र नोड काढलेल्या गटातच जास्त झालं. थोडक्यात, चांगले नोड काढून टाकणं हा उपचार ठरत नाही. नोडकडून आपल्याला हवी असते ती माहिती, आणि ती कमीत कमी नुकसान करून मिळवायची.

इथे सेंटिनल येतो. भूल दिल्यावर गर्भाशयाच्या मुखाशी, घड्याळात ३ आणि ९ वाजता काटा असतो त्या दोन ठिकाणी इंडोसायनिन ग्रीन, आम्ही आयसीजी म्हणतो, ते इंजेक्शन देतात. ते पाटांमधून वाहत जातं. साध्या प्रकाशात फारसं दिसत नाही, पण खास कॅमेरा लावला की स्क्रीनवर हिरव्या रेघा उजळतात, आणि रेघ जिथे पहिल्यांदा एखाद्या नोडशी थांबते तो सेंटिनल, म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. कॅन्सरचा कण निघाला असेल तर त्याची पहिली भेट याच्याशीच होणार. तो काढून बारकाईने तपासायचा, उरलेल्यांना हात लावायचा नाही.

"उरलेल्यांत असला तर?" हा प्रश्न बरोबर आहे आणि तो तपासलाही गेलाय. अमेरिकेत फायर्स नावाचा अभ्यास झाला, २०१७ ला छापून आला. त्यात आधी सेंटिनल काढले आणि त्याच बायकांचे मग बाकीचे नोडही काढून पडताळून पाहिलं. ज्यांचा सेंटिनल सापडला होता आणि नोडमध्ये कॅन्सरही होता अशा ३६ जणी निघाल्या, त्यातल्या ३५ जणींचा कॅन्सर सेंटिनलनेच पकडला होता. एकीचा सुटला. सेंटिनल स्वच्छ असेल तर बाकीचे स्वच्छ असण्याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर. कॅनडात जास्त धोक्याच्या ग्रेडवर असाच अभ्यास झाला, २०२१ ला आला, तिथेही जवळपास तेच. मात्र सगळ्या बायकांत सेंटिनल सापडतोच असं नाही, फायर्समध्ये निदान एक तरी नोड ८६ टक्के जणींत सापडला. आणि सेंटिनल केल्याने आयुष्य वाढतं असं कुठे सिद्ध झालेलं नाही, सिद्ध झालंय ते इतकंच की थोडे नोड काढून जवळजवळ तितकीच पक्की माहिती मिळते. हे मी पेशंटलाही असंच सांगते.

तुमच्या नातेवाईक डॉक्टरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ग्रेड १ किंवा २, स्नायूत निम्म्याहून कमी, आणि गाठ २ सेमी किंवा त्याहून लहान, अशा बायकांत नोडमध्ये कॅन्सर सापडण्याची शक्यता एक टक्क्याच्याही आत असते, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने हे दाखवून दिलं आणि अशांना नोड न काढणं हा मान्य पर्याय आहे. पण आईंची गाठ ३ सेमी आहे. शिवाय बायोप्सीचा ग्रेड म्हणजे पोत्यातून चिमूटभर काढून बघितलेलं धान्य, पूर्ण पिशवी तपासल्यावर साधारण १५ ते २० टक्के ग्रेड १ पुढे वरच्या ग्रेडचे निघतात. खोलीचंही तसंच, एमआरआय कधी कधी चुकतो.

आता माझ्या मते निर्णय ज्यावर फिरतो ती गोष्ट: सेंटिनल शोधायची संधी एकदाच मिळते. इंजेक्शन गर्भाशयाच्या मुखातच द्यायचं असतं. पिशवी काढली, मुख गेलं, पाट तुटले. नंतर रिपोर्ट वाईट आला, ग्रेड ३ निघाला किंवा खोलवर गेलेलं निघालं, तर मग दुसरं ऑपरेशन करून सगळे नोड काढा, नाहीतर नोडची माहिती नसतानाच रेडिएशन, केमो ठरवा, दोनच वाटा उरतात. ८६ किलो वजन आणि शुगर असलेल्या बाईला दुसऱ्यांदा भूल देण्यापेक्षा पहिल्याच वेळी वीसपंचवीस मिनिटं जास्त देऊन सेंटिनल काढणं मला बरं वाटतं. म्हणून तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मला दुसऱ्या मॅडमचं म्हणणं पटतंय.

मॅडमना हे जरूर विचारा: एका बाजूला डाय गेलाच नाही तर काय करणार? बरोबर उत्तर असं की आधी त्या बाजूला पुन्हा इंजेक्शन देऊ, तरीही नाही सापडला तर फक्त त्याच बाजूचे नोड पूर्ण काढू, आणि डाय कुठेही जावो, डोळ्यांना किंवा हाताला संशयास्पद वाटेल तो नोड काढूच. जाड व्यक्तींमध्ये डाय चुकण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं म्हणून हे आधीच ठरलेलं असावं. त्यांनी स्वतः अशा किती केल्यात तेही विचारा, चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. आणि आईंना आयोडीनची ॲलर्जी आहे का ते नक्की सांगा, आयसीजीमध्ये आयोडीन असतं.

भीमथडी, तुमच्या शंकेबद्दल. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीने निकाल वाईट येतात असं २०१८ ला सिद्ध झालं, ते खरं आहे. अस्तराचा कॅन्सर वेगळा. इथे लेस नावाच्या चाचणीत ७६० बायका होत्या, २०१७ ला निकाल आला, दुर्बीण आणि ओपन दोन्हींत कॅन्सरच्या दृष्टीने सारखंच. जखम पिकण्याचा त्रास दुर्बिणीत कमी, आणि वजन जास्त असलेल्यांना तर त्याचा फायदाच. फक्त पिशवी आत तुकडे करून काढायची नाही, अख्खी खालून काढायची. तुमच्या वेळी ज्यांनी सांगितलं त्यांची बहुतेक या दोन कॅन्सरमध्ये गल्लत झाली असावी.

जास्वंद_कोल्हापूर

सायली, तुझी पोस्ट वाचून राहवेना म्हणून लिहितेय. मी ६७ वर्षांची आहे. माझं ऑपरेशन २०१३ साली झालं, हाच कॅन्सर, पहिलीच स्टेज. तेव्हा सगळ्या नोड काढल्या. रिपोर्टवर आकडा होता ३१. एकतीसच्या एकतीस स्वच्छ. आम्ही पेढे वाटले. मी कुणाला दोष देत नाही, तेव्हा सगळीकडे तशीच पद्धत होती आणि मी जिवंत आहे, नातवंडं बघतेय.

पण पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. सातव्या महिन्यात डाव्या पायात चप्पल घट्ट व्हायला लागली. मला वाटलं प्रवास झालाय. मग जोडवं रुतायला लागलं, सोनाराकडे जाऊन कापून काढलं, तेव्हापासून त्या पायात घातलंच नाही. संध्याकाळी पोटरीवर बोट दाबलं की खळगा पडायचा, तो भरून यायला किती तरी वेळ लागायचा. वर्षभर मी हृदयाची, किडनीची तपासणी करत फिरले, सगळं नॉर्मल. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने बघितल्या बघितल्या विचारलं, "काकू, पोटातल्या गाठी काढल्यात का?" तिनेच नाव सांगितलं, लिम्फेडीमा. जाळ्याच काढून टाकल्यावर पाटाचं पाणी तुंबणारच.

आता रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घट्ट स्टॉकिंग चढवते, वीस मिनिटं जातात, मे महिन्यात तर नको जीव होतो. जमिनीवर बसून पूजा करता येत नाही, खुर्चीवर बसते. दोनदा पाय लालभडक होऊन ताप भरला, सेल्युलायटिस, ॲडमिट व्हावं लागलं, एकदा कारण काय तर अंगणात अनवाणी गेले नि बोराचा काटा लागला. डॉक्टर पाणंदनी अवधाणाचं लिहिलंय ते वाचून मला गंमत नाही वाटली, अगदी आत लागलं, कारण माझ्या त्या पायाचं अवधाण येणारी व्यवस्थाच उरली नाही पूर्वीसारखी.

सगळ्यांना होतं असं नाही हं. माझ्याबरोबर ऑपरेशन झालेल्या दोघींना काही नाही. आणि गरज असेल तर काढाव्याच लागतात, जीव मोठा आहे. पण "सगळ्या काढल्या की सेफ" हे ऐकताना कुणीतरी हा पाय समोर ठेवून सांगावं असं मला वाटतं.

एक काम आजच कर. शिवणकामाची टेप घे आणि आईच्या दोन्ही पायांचा घोट्यावरचा, पोटरीचा आणि मांडीचा घेर मोजून तारीख घालून लिहून ठेव. माझ्याकडे आधीचं माप नव्हतं, सूज किती आली हे कुणाला सांगताच यायचं नाही. आणि ऑपरेशन कुठलंही होवो, नंतर पायाची काळजी घ्यायचीच, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, नखं सरळ कापायची, भेगांना रोज तेल किंवा क्रीम. शुगर आहे ना तिला, मग तर नक्कीच.

काचपट्टी

पॅथॉलॉजिस्ट आहे. सर्जनच्या बाजूचं वर आलंय, आमच्या टेबलावर काय होतं ते थोडं सांगतो, कारण सेंटिनलचा सगळा भरवसा शेवटी इथे येऊन टेकतो आणि याबद्दल नातेवाईक काहीच विचारत नाहीत.

साधारणपणे तीस नोड आले तर प्रत्येकाचा एखादा काप घेऊन बघतात, तीस नोडचे शंभर काप कुणी करत नाही. सेंटिनल मात्र दोनतीनच येतात, त्यामुळे त्यांचं अल्ट्रास्टेजिंग करता येतं. नोड घेवड्याच्या दाण्याएवढा असतो, त्याचे २ मिमीचे आडवे काप करतो, ते मेणात बसवतो, पहिली काच बघतो. काही नाही दिसलं तर तिथेच थांबत नाही, त्याच ब्लॉकमध्ये आणखी खोल जाऊन पुन्हा काप घेतो आणि सायटोकेराटिन नावाचा रंग लावतो. नोडमध्ये सायटोकेराटिन असलेल्या पेशी नसायला हव्यात, असल्या तर तपकिरी रंगून उठतात, एकटी पेशी असली तरी. किती खोलीवर किती काप घ्यायचे हे प्रत्येक लॅबचं थोडं वेगळं असतं, पण अल्ट्रास्टेजिंग होणार का हे आधी विचारा. सेंटिनल काढून साध्या पद्धतीने एकच काप बघणार असतील तर अर्धा फायदा गेला. रिपोर्टला चारपाच दिवस जास्त लागतील, लागू द्या, रोज फोन करून घाई करू नका.

दुसरं, कधी कधी डबीत सेंटिनल म्हणून जे येतं त्यात नोडच नसतो, नुसती चरबी किंवा हिरवी झालेली लिम्फची नळी. याला एम्टी नोड म्हणतात. तसं झालं तर त्या बाजूचा सेंटिनल सापडलाच नाही असं धरायचं. म्हणून चांगले सर्जन थिएटरमध्येच काढलेला तुकडा चाचपून, गरज पडली तर आम्हाला विचारून खात्री करतात.

आणि बायोप्सीचा ब्लॉक आहे त्यावर पी५३ (पेशीतलं एक प्रथिन) आणि एमएमआरच्या (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) चार टेस्ट आत्ताच करून घ्या, झाल्या नसतील तर. पी५३ बिघडलेला निघाला तर ग्रेड १ लिहिलेलं असूनही हा वेगळ्या जातीचा कॅन्सर समजतात आणि सगळं गणित बदलतं. एमएमआर बिघडलेला निघाला तर पुढच्या तपासण्या करून लिंच सिंड्रोम, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकीय दोष, आहे का बघतात, तो घराण्यात चालतो, मग तुमचीही तपासणी येईल. २०२३ पासून फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टेजिंगमध्येही या टेस्टना जागा मिळालीय. ब्लॉक आणि काचा तुमच्या हक्काच्या आहेत, लॅबमधून मागून घ्या, परळला टाटाला दाखवायचं झालं तरी तेच मागतात.

सायली_कृष्णाकाठ

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू. जास्वंद काकू, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली या बाईंना माझा नमस्कार सांग. अवधाणाचं सांगितल्यावर तिला एकदम समजलं, म्हणाली "मग आधी असं सांगायचं की". लहानपणी ऊसाचा सड पायात घुसून तिला अवधाण आलं होतं ते आठवलं तिला.

मॅडमकडे जाऊन सगळे प्रश्न विचारले, वहीत लिहूनच नेले होते. पुन्हा इंजेक्शन, नाहीतर त्या बाजूच्या पूर्ण, हेच त्या म्हणाल्या. अल्ट्रास्टेजिंग करतात. पी५३ नॉर्मल आला, एमएमआर चारही शाबूत. आयोडीनचा कधी त्रास नाही.

एक पैशाचं विचारायचं होतं, फुले योजनेत हे बसतं का?

भीमथडी

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आहेत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. तिथे आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड नि आधार घेऊन ॲडमिट व्हायच्या आधी त्याला भेटा, मंजुरी आधी लागते, बिल झाल्यावर काही होत नाही. डायचं इंजेक्शन आणि त्या वेगळ्या तपासणीचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की बाहेरून द्यायचे हे त्याच्याकडून आधीच स्पष्ट करून घ्या.

सायली_कृष्णाकाठ

ऑपरेशन झालं. दुर्बिणीतूनच. मॅडमनी नंतर व्हिडिओतला तुकडा दाखवला, उजवीकडे हिरवी रेघ लगेच धावत गेली आणि दोन नोड दिव्यासारखे लागले, डावीकडे मात्र अंधार, काहीच नाही. त्यांनी डाव्या बाजूला पुन्हा इंजेक्शन दिलं आणि पाचसात मिनिटांनी एक बारीक रेघ चढत गेली, एक नोड मिळाला. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर ते ऐकूनच मी घाबरले असते. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं.

आज रिपोर्ट आला, तेरा दिवसांनी. ग्रेड १ च आहे. स्नायूची जाडी १९ मिमी, त्यात ८ मिमी गेलंय. रक्तवाहिन्यांत शिरलेलं नाही. उजवीकडचे दोन्ही नोड स्वच्छ. डावीकडच्याच्या पुढे लिहिलंय "आयसोलेटेड ट्यूमर सेल्स, ०.१ मिमी". माझे हातपाय गार पडलेत. म्हणजे पसरला का? स्टेज ३ झाली का? मॅडम परवा भेटणार आहेत, तोवर कसं थांबू?

काचपट्टी

नाही, स्टेज ३ नाही झाली. नोडमध्ये सापडलेल्या पेशींचे मापावरून तीन प्रकार करतो. २ मिमीपेक्षा मोठं असेल तर मॅक्रोमेटास्टॅसिस, ०.२ ते २ मिमी मायक्रोमेटास्टॅसिस, हे दोन्ही नोड पॉझिटिव्ह धरतात. ०.२ मिमीपर्यंतच्या सुट्या पेशी म्हणजे आयसोलेटेड ट्यूमर सेल्स, त्या मेटास्टॅसिसमध्ये मोजत नाहीत. नोंद करायची, पण नोड निगेटिव्हच. रिपोर्टमध्ये शून्यापुढे कंसात आय आणि अधिकची खूण असेल बघा, तिचा अर्थ हाच. साध्या एका कापात या पेशी बहुधा दिसल्याच नसत्या, अल्ट्रास्टेजिंग केलं म्हणून दिसल्या.

पाणंद

काचपट्टींना दुजोरा. स्टेज बदलत नाही, पुढचं प्रामुख्याने गाठीच्या बाकीच्या लक्षणांवर ठरतं आणि ती सगळी आईंच्या बाजूने आहेत, ग्रेड १, निम्म्याहून कमी, वाहिन्या मोकळ्या, पी५३ नॉर्मल. परवा मॅडमना विचारा की ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, काय ठरलं, नुसतं लक्ष ठेवायचं की योनीमार्गातून थोडं ब्रॅकीथेरपीचं रेडिएशन द्यायचं. आईंचं वय साठीच्या पुढे आहे आणि या पेशी सापडल्यात म्हणून काहीजण ब्रॅकीथेरपी सुचवतील, काहीजण नाही सुचवणार, दोन्ही चुकीचं नाही. मोजकी सीटिंग असतात, ॲडमिट व्हावं लागतंच असं नाही.

जास्वंद_कोल्हापूर

बाळा, रात्रभर जागू नकोस. आणि टेप घेतलीस का हातात परत?

सायली_कृष्णाकाठ

घेतली काकू, आत्ताच. ऑपरेशनच्या आधी घोटे दोन्ही २४ सेमी, पोटऱ्या ३८ आणि ३८ होत्या. आजही घोटे २४, पोटऱ्या उजवी ३८, डावी ३८. आईने स्वतःच्या हाताने लिहिलंय, दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर, पुढे रेघा मारून वर्षभराच्या तारखाही घालून ठेवल्यात.